आमच्या गाडीचं विसावं वर्ष

येत्या ऑगस्टात आमच्या वॅगनआरच्या आरसीची मुदत संपते. गाडी 2006 सालची. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा, 2021 मध्ये, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. त्या वेळी मोटारीच्या फेरनोंदणीला 600 रुपये पडत. एप्रिल 2022 पासून त्याचे 5,000 झाले आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनं वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी 10,000. दुसरीकडे सरकारचीच योजना सांगते: गाडी मान्यताप्राप्त भंगार केंद्रात जमा करा, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि ते दाखवून नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळवा. नोंदणी शुल्क माफ. कंपनीनं मनावर घेतलं तर किमतीतही काही कमी. थोडक्यात, जुनी ठेवणं महाग आणि नवी घेणं सोयीचं.

घरात सगळ्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. ह्यांनी दोन शोरूम पाहूनही ठेवल्या आहेत. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणतो, "आई, वीस वर्षं झाली, आता तरी सोडा तिला. पर्यावरणासाठीही चांगलंच आहे की!" त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. पर्यावरणासाठी म्हणून आम्ही गाडी बदलतो आहोत का? ते खरं असेल तर त्याचा हिशेब मांडता आला पाहिजे. आणि खरं नसेल, तर निदान स्वतःशी तरी तसं म्हणू नये.

माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या हिशेबखात्यात गेली. पहिली काही वर्षं कोरब्याला, नंतर रायपूरला. त्यामुळे हिशेबाची भीती वाटत नाही. जमेच्या आणि खर्चाच्या बाजू वेगळ्या मांडायच्या, कुणाचा खर्च कुणाच्या नावावर पडला ते बघायचं, एवढंच करायचं होतं.

आमची गाडी वर्षाला चारेक हजार किलोमीटर चालते. मंडई, दवाखाना, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचा एखादा कार्यक्रम, कधी शंकरनगरला नणंदेकडे, आणि दिवाळीच्या सुमाराला राजनांदगाव, साकोली, भंडारा करत नागपूर. गावात ती लिटरला तेरा किलोमीटर देते. नवी छोटी गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर अठरा देईल असं धरलं, तर वर्षाला पंच्याऐंशी लिटर पेट्रोल वाचेल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाची बचत दोनशे किलोच्या आतबाहेर. आता दुसरी बाजू. नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचं पोलाद, काच, रबर, प्लास्टिक, रंग, या सगळ्याला कोळसा आणि वीज लागते. छोट्या गाडीमागे मी हात आखडून चार टन धरले. चार टन भरून यायला, वर्षाला दोनशे किलोप्रमाणे, वीस वर्षं लागतील. तोवर ती नवी गाडीच आजच्या या गाडीच्या वयाची झालेली असेल, आणि मी गाडी चालवायच्या वयात नसेन.

हीच गाडी एखाद्या टॅक्सीवाल्याची असती आणि वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळत असती, तर तेच चार टन दोन वर्षांत वसूल झाले असते. म्हणजे गाडीचं वय किती, यापेक्षा ती चालते किती, हा प्रश्न मोठा. तो प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. 13 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी स्वेच्छा वाहन आधुनिकीकरण कार्यक्रमाची सुरुवात केली, तेव्हापासून धोरणाचा पाया वय हाच आहे: व्यावसायिक वाहन पंधरा वर्षांचं आणि खासगी वीस वर्षांचं झालं, की फिटनेसच्या कसोटीला उभं करायचं. सरकारी गाड्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीच नाही. वय कागदावर असतं, ते तपासायला सोपं. मीटरचा आकडा तपासायला माणूस लागतो, आणि तो आकडा मागेही फिरवता येतो. प्रशासनानं सोपं माप का निवडलं ते मला कळतं. मीही त्याच यंत्रणेत वाढले. पण माझ्या विवेकाला तेच माप पुरेसं आहे, असं मी मानू शकत नाही.

इथवर हिशेब माझ्या मनासारखा आला. गाडी ठेवावी असं मला वाटत होतं आणि आकडे तेच सांगत होते. हिशेबखात्यात राहून एक शिकले आहे: आकडे आपल्या मनासारखे आले की ते पुन्हा तपासायचे. मी फक्त कार्बन डायऑक्साइड मोजला होता. धूर मोजला नव्हता.

आमच्या भागातल्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची गाडी उभी असते. मुलगा सायलेन्सरच्या तोंडात नळी सरकवतो, इंजिन जागच्या जागी चालू राहतं, पडद्यावर आकडे येतात, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि छपाई होऊन कागद हातात पडतो. मागच्या खेपेला पहिला आकडा मर्यादेबाहेर गेला. मुलगा म्हणाला, "आंटी, दो-तीन किलोमीटर दौडा के ले आओ, कन्वर्टर गरम होगा तो निकल जाएगा." मी रिंग रोडवर चक्कर मारून आले आणि गाडी पास झाली. त्यानं काही वावगं सांगितलं नव्हतं. धूर शुद्ध करणारा तो कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि चाचणी तापलेल्या इंजिनावरच घ्यायची असते. पण परतताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या बहुतेक फेऱ्या त्या चकरेपेक्षा लहान असतात. कन्व्हर्टर तापायच्या आत मी मंडईत पोहोचलेली असते. कागद तापलेल्या गाडीचा आहे. फाफाडीहच्या सिग्नलला जी उभी असते ती थंड गाडी आहे. शिवाय पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत.

आमची गाडी घेतली तेव्हा रायपुरात बीएस दोनचा नियम होता. नव्या कोऱ्या बीएस दोन पेट्रोल गाडीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून किलोमीटरला अर्धा ग्रॅम सोडायची मुभा होती. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस सहा आलं. त्यात हे दोन्ही मिळून 0.16 ग्रॅम. तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आणि आमची गाडी कोरी नाही, वीस वर्षांची आहे. तिचा कन्व्हर्टर किती जिवंत आहे कोण जाणे. हा धूर दूरच्या हवामानात विरून जाणारा नाही. तो सिग्नलला माझ्या मागे सायकल टेकून उभ्या असलेल्या शाळकरी पोराच्या नाकात जातो, ई-रिक्षात उघड्यावर बसलेल्या बाईच्या छातीत जातो, जयस्तंभ चौकात दिवसभर उभ्या असणाऱ्या हवालदाराच्या फुप्फुसात जातो. मी काच वर करून बसते. वर्षाला चारच हजार किलोमीटर चालवते, हे माझं म्हणणं त्या पोराला सांगून त्याच्या काय उपयोगाचं?

म्हणजे एका खात्यात गाडी ठेवणं बरं आणि दुसऱ्या खात्यात काढणं बरं. दोन्ही खाती खरी आहेत. आणि ज्या खात्यात माझी सोय होती, ते मी आधी उघडलं होतं.

आता ह्यांच्या बाजूकडे येते. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायपुरात राडाचा, म्हणजे इथल्या वाहन विक्रेत्यांच्या संघटनेचा, ऑटो एक्स्पो भरला होता. तिथे घेतलेल्या गाडीला राज्य सरकारनं आजीवन रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट दिली होती. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत त्या महिनाभरात गाडी आली. ज्यांच्याकडे एक होती त्यांच्याकडे दुसरी आली. जुनी भंगारात दिलीच पाहिजे, अशी अट तिथे नव्हती. जुनी गाडी कायमची रस्त्यावरून काढणाऱ्याला चौथाई सूट आणि काहीच न काढता नवी आणणाऱ्याला निम्मी, हे समोरासमोर मांडलं की सरकारला नक्की काय हवं आहे ते स्पष्ट दिसतं: गाड्या विकल्या जायला हव्या आहेत. विक्री वाढावी ही इच्छा गैर नाही. कारखाने चालतात, पोरांना नोकऱ्या लागतात, जीएसटी जमा होतो. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आणला तोही त्यासाठीच. पण मग त्याला स्वच्छ हवेचं नाव देताना मी तरी थबकायला हवं.

आणि माझ्या घरातली इच्छा? ह्यांना मोठा पडदा हवा आहे, मागचं दाखवणारा कॅमेरा हवा आहे. ते तसं मोकळेपणानं म्हणतात, त्यात लपवाछपवी नाही. लपवाछपवी झाली असेल तर माझ्याकडून. गेल्या हिवाळ्यापासून माझा डावा गुडघा दुखतो. क्लच दाबताना कळ येते. ऑटोमॅटिक गाडी घेतली तर बरं, असं मी दोन-तीनदा बोलले. गुडघा खरा आहे. पण ज्या दिवशी शेजारी नवी पांढरी गाडी आली, त्या दिवशी तो जास्त दुखला, हेही खरं आहे. बरं, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं आहे ते चालायला. चांगल्या कारणाच्या आड हौस उभी राहते तेव्हा कारण खोटं नसतं, म्हणून तर ती ओळखू येत नाही. मी ते कारण बाजूला काढून पाहिलं. गुडघा बरा असता तरी नवी गाडी मला हवी होती का? हो, हवी होती. एवढं कबूल केल्यावर पुढचा विचार सोपा झाला.

ही सूट येते कुठून, तेही पाहिलं पाहिजे. रोड टॅक्स ही सरकारी तिजोरीत जमा होणारी रक्कम. माझ्यासाठी ती सोडली जाते तेव्हा तेवढे पैसे कुठेतरी कमी पडतात. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि कधी येणार नाही, अशी माणसं या शहरात बहुसंख्य आहेत. उरला औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात पहाटे सायकलवर जाणारा मजूर, घरकामाला पायी येणाऱ्या बाया. त्यांच्या वाट्याला या सुटीतलं काही येत नाही, धूर मात्र येतो. पीएम ई-बस सेवेत रायपूरला 100 बसगाड्या मंजूर झाल्या, तेव्हा मला वाटलं होतं, हे खरं त्यांच्या हिश्श्याचं. तो पैसा आणि हा पैसा एकाच तिजोरीतला नसेलही. पण सरकार कुणाला आधी विचारतं, हे त्यातून कळतं.

जुन्या गाडीच्या बदल्यात नवीवर सूट, हेच अमेरिकेनं 2009 च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं होतं. मंदीनं वाहन उद्योग बसला होता. गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास देणारी गाडी आणून द्या आणि नव्या गाडीवर 3,500 किंवा 4,500 डॉलर घ्या. पहिले 1 अब्ज डॉलर आठवड्याभरात संपले, संसदेनं आणखी 2 अब्ज दिले, आणि ऑगस्ट संपायच्या आत पावणेसात लाखांच्या वर गाड्या जमा झाल्या. त्या योजनेत एक गोष्ट आपल्यापेक्षा बरी होती: गाडीचं मायलेज विचारलं होतं. पण अतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आकडे तपासले तेव्हा दिसलं, की त्या दोन महिन्यांत वाढलेली विक्री पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ तेवढीच घटली. जे लोक थोड्या दिवसांनी गाडी घेणारच होते, त्यांनी ती आधी घेतली. मी त्यांच्यातलीच एक ठरणार होते.

त्या योजनेतली दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. जमा झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन सुरू ठेवायचे, ते जाम होईपर्यंत. धुराच्या दृष्टीनं ते रास्तच. पण त्या गाड्यांतल्या कितीतरी चांगल्या चालत होत्या, आणि नवी गाडी ज्याला कधीच परवडणार नव्हती अशा माणसाच्या आवाक्यातल्या होत्या.

तसा माणूस माझ्या दारात आला. आमच्या मेकॅनिकनं पाठवलेला आरंगकडचा एक तरुण. त्याला गाडी हवी होती. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, चारी टायर दाबून पाहिले, आणि 55,000 देतो म्हणाला. नोंदणीचा पुढचा खर्च त्याचा. भंगार केंद्र वजनावर भाव धरतं. तिथे मला सतरा-अठरा हजार मिळतील. मी विचारलं, काय करणार गाडीचं? म्हणाला, गावातल्या पेशंट लोकांना मेकाहाराला आणतो. मेकाहारा म्हणजे आमचं आंबेडकर रुग्णालय, बस्तरपासूनची माणसं जिथे येतात. अत्यवस्थ माणसाला 108 आणते. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या म्हाताऱ्याला कोण आणणार? सध्या हा तरुण भाड्याची गाडी करून आणतो आणि त्यात त्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

मी चार दिवस मागून घेतले. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात हा माणूस कुठे नव्हता. जुनी गाडी विकणाऱ्याला आणि नवी घेणाऱ्याला हिशेबात जागा आहे. जुनी घेणारा कुठल्याच खात्यात बसत नाही. त्याच्याकडे जमा करायला स्वतःची जुनी गाडी नाही, आणि सूट मिळवायला नवी घ्यायची ऐपत नाही. त्याच्या हातात आमची गाडी वर्षाला चार हजारांच्या जागी तीस-चाळीस हजार किलोमीटर चालेल. धूर तेवढ्या पटीनं वाढेल. आणि तरीही त्यातला प्रत्येक किलोमीटर माझ्या मंडईच्या फेरीपेक्षा जास्त गरजेचा असेल.

शेवटी गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. तिथे पत्र्याला पडलेल्या भोकावर दोन पावसाळ्यांपूर्वी वेल्डिंग करून तुकडा बसवला होता. त्या तुकड्याच्या कडेनं पुन्हा गंज फुटला होता. बोटानं दाबलं तर पापुद्रे सुटून आले. मागच्या सीटच्या पट्ट्याचं कुलूप बसत नाही. एअरबॅग नाहीच, ड्रायव्हरपुढची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली तीच मुळी जुलै 2019 पासून. यात एखाद्या आजारी बाईला आडवं घालून रात्री हायवेवर ट्रकांमधून आणायचं? मी नाही म्हणायचं ठरवलं. खासगी नंबरची गाडी परवान्याशिवाय भाड्यानं चालवणं बेकायदा आहे, हेही कारण होतं, पण खरं कारण तो गंज.

त्याला मी मॅट उचलून तो गंज दाखवला. त्यानं वाकून पाहिलं, वाद घातला नाही. नव्या गाडीवर मिळणाऱ्या सुटीची जाहिरात त्यानंही पाहिली होती. जाता जाता म्हणाला, "मैडम, नवा गाडी लेवइया मन बर छूट हे, हमर बर का हे?" रागानं नाही, आमच्यासाठी काय आहे ते खरंच माहीत असेल तर सांगा, अशा सुरात. मी सरकारी खात्यात आयुष्य काढलं आहे. त्याच्यासाठी कुठली योजना असती तर मला सापडली असती.

भंगार केंद्र पाहून यायचंच होतं, ते पाहून आले. 2021 च्या नियमांप्रमाणे तिथे आधी गाडी चोरीची तर नाही ना ते पोलिसांच्या नोंदीत तपासतात. मग पेट्रोल, इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा वायू, बॅटरी असं एकेक वेगळं काढतात. चॅसी नंबरचा पत्रा कापून सहा महिने जपून ठेवावा लागतो, म्हणजे तो नंबर दुसऱ्या गाडीवर चढू नये. जर्मनीत 2009 मध्ये नऊ वर्षांच्या गाडीमागे 2,500 युरो वाटले, तेव्हा भंगारात गेल्याचं दाखवलेल्या गाड्या आफ्रिकेकडे आणि पूर्व युरोपात विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणून या कापलेल्या पत्र्याला महत्त्व. आमच्या गल्लीच्या टोकाचा कबाडी चार हजार जास्त द्यायला तयार होता. त्याच्या अंगणात तारा जाळून तांबं काढतात आणि काळं तेल नालीत सोडतात. ती नाली शेवटी खारूनला मिळते, आणि खारूनचं पाणी आपण पितो. तिथे दिलेल्या गाडीची आरसीही बहुधा जिवंत राहते. जुन्या गाडीचा शेवट नीट करणं ही त्या धोरणातली सगळ्यात खरी चांगली गोष्ट आहे, असं मला तिथे उभं राहून वाटलं. सुटीच्या जाहिरातीत तिच्याबद्दल एक ओळही नसते.

पुढे ते पोलाद कुठे जातं, हे रायपुरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. उरला आणि सिलतऱ्याच्या भट्ट्यांत. एक टन भंगार वितळवायला इंडक्शन भट्टी सहाशे युनिटच्या आसपास वीज खाते. तितक्या पोलादामागे टनभराहून जास्त लोहखनिज जमिनीतच राहतं, दल्ली-राजहराचा डोंगर तेवढा कमी खणावा लागतो. हे जमेला. पण त्याच पट्ट्यातल्या स्पंज आयर्नच्या चिमण्यांची काळी भुकटी आमच्या गच्चीवर सकाळी पडलेली असते. वाळत घातलेल्या पापडांवर ती बसते, तुळशीच्या पानांवर बसते. काही कारखाने रात्री धूळ पकडणारी यंत्रं बंद ठेवतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतात. माझ्या वॅगनआरच्या धुराचा विचार करताना मी या भुकटीची ढाल केली नाही, तेवढं बरं. मोठा दोषी दिसला की आपला छोटा दोष विसरायला फार आवडतं. माझ्या सायलेन्सरवर माझाच ताबा आहे. त्या चिमणीवर नाही.

मग विजेची गाडी का नाही, असं मुलानं विचारलं. त्याचं उत्तर माझ्याजवळ नोकरीतलं आहे. छत्तीसगडची वीज कोळशाची. कोरब्याला आमच्या क्वार्टरपासून थोड्या अंतरावर राखड डॅम होता. उन्हाळ्यात वारा सुटला की ताटातल्या भातावर राखेचा थर यायचा, आणि डॅमच्या कडेच्या गावांत तर घरात चूल वेगळी आणि राख वेगळी राहत नसे. विजेची गाडी घेतली तर शहरातल्या चौकातला धूर जाईल, हे मोठंच. कार्बनही किलोमीटरमागे काही कमी पडेल. पण उरलेली राख कोरब्याच्या अंगणात पडेल, आणि कोळशासाठी हसदेवचं जंगल आणखी तुटेल. ज्यांना रोज पन्नास-साठ किलोमीटर पडतं त्यांनी ती घ्यावी, मी त्यांना आनंदानं सांगेन. चार हजार किलोमीटरसाठी एवढी मोठी बॅटरी अंगणात उभी करून ठेवणं मला पटत नाही.

हे सगळं झाल्यावर माझं असं ठरलं आहे. ह्यांनाही सांगितलं, ते नाराज आहेत, पण ऐकून घेतलं. फेरनोंदणी करायची नाही. जुलैत गाडी केंद्रात द्यायची, कबाड्याचे चार हजार आणि त्या तरुणाचे 55,000 सोडून. जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळेल. ते हस्तांतर करता येतं, तेव्हा मुलगा मागेल. त्याच्याकडे चार वर्षांची चांगली गाडी आहे, ती बदलायला मी निमित्त देणार नाही. वर्षभर आम्ही रिक्षा आणि ओला-उबरवर राहून पाहू. तीन-चार हजार किलोमीटरचं भाडं आणि गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल हे जवळपास बरोबरीत येतं, हे मी आधीच काढून पाहिलं आहे. ह्यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि ते जमत नाही असं दिसलं, तर 2020 नंतरची वापरलेली बीएस सहा गाडी घेईन. नवं पोलाद नको, धूर कमी. आमच्यासारख्या थोडं फिरणाऱ्या घरासाठी सगळ्यात बरा पर्याय तोच आहे, आणि त्याला सुटीचा एक रुपया नाही. ती घेतली तर त्या आरंगच्या मुलाच्या आवाक्यातली एक गाडी बाजारातून कमी होईल, याचीही मला जाणीव आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

परिवहन आयुक्तांना एक पत्र लिहायला घेतलं आहे. निवृत्त माणसाच्या पत्राला किती किंमत असते ते माहीत आहे, तरी मसुदा नीट केला. दोन मागण्या आहेत. ज्यांचं पोट गाडीवर आहे आणि जे जुनं वाहन रीतसर भंगारात देतात, त्यांना वापरलेली बीएस सहा गाडी घेतानाही कराची सूट आणि नावावर करायचं शुल्क माफ असावं. आणि फिटनेसच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवायला सुरुवात करावी, म्हणजे पुढच्या धोरणाला वयाखेरीज दुसरं काही हाताशी राहील. पत्र छत्तीसगडीतही करून घ्यायचं आहे, कारण त्याची एक प्रत आरंगला पाठवायची आहे.